उंदराने पाटी धरली की ते खरं

"मावशी, पण उंदराने पाटी कुठे दाखवली?"

आठ वर्षांची भाची आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन हॉरिबल हिस्टरीज बघत बसलो होतो, विषय चालला होता प्लेगचा आणि त्या काळचे डॉक्टर काय काय अघोरी उपाय करायचे त्याचा. मला एक उपाय माहीत होता तो मी मध्येच सांगितला, की जिवंत कोंबडी घ्यायची, तिच्या बुडाची पिसं उपटायची आणि ती उघडी बाजू आजारी माणसाच्या गाठीवर दाबून बांधायची, कोंबडी विष ओढून घेते अशी समजूत. खरोखरच होता हा उपाय, जुन्या वैद्यकाच्या लिखाणात सापडतो. भाचीने ऐकून घेतलं, जोरात हसली, आणि मग एकदम गंभीर होऊन तो प्रश्न टाकला. म्हणजे मावशी सांगतेय ते ठीक आहे, पण उंदराने पाटी धरून सांगितलेलं नाही, तर खरं कसं मानायचं?

तेव्हाच ठरवलं की या कार्यक्रमावर एकदा सविस्तर लिहायचं.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉरिबल हिस्टरीज हा बीबीसीच्या लहान मुलांच्या चॅनेलवरचा, म्हणजे सीबीबीसीवरचा कार्यक्रम, 2009 मध्ये सुरू झाला. टेरी डिअरी नावाच्या लेखकाची याच नावाची पुस्तकं 1993 पासून येत होती, मार्टिन ब्राउनची चित्रं असलेली, त्यावरून हा बेतलेला. अर्ध्या तासाचा एक भाग, त्यात छोटी छोटी विनोदी स्केचेस, एखाददोन गाणी, मधेमधे प्रश्न. कधी रोमन, कधी व्हायकिंग, लगेच ट्यूडर, लगेच पहिलं महायुद्ध, काळाचा काही क्रम नाही. आणि हे सगळं बांधून ठेवणारा निवेदक म्हणजे एक उंदीर. हाताने चालवायची बाहुली आहे, पण बोलतो असा की पाच मिनिटांत ती बाहुली आहे हे विसरायला होतं. त्याचं नाव रॅटस रॅटस. हे काळ्या उंदराचं शास्त्रीय नाव आहे, तोच उंदीर ज्याच्या अंगावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरला असं आपण सगळे शाळेत शिकलो. 1348 मध्ये इंग्लंडमध्ये काळा मृत्यू पोचला त्याचा आरोप शेकडो वर्षं ज्याच्या माथी आहे त्यालाच या लोकांनी इतिहास सांगायला बसवलं! मुलांना हे कळतं का? काहींना कळतं, काहींना दहा वर्षांनी कळेल, पण ते तिथे ठेवलेलं आहे ना, हे मला फार आवडतं.

तर हा उंदीर स्केच चालू असताना मधेच कोपऱ्यातून डोकं काढतो आणि छोटी पाटी धरतो. पाटीवर साधारण असं असतं की हे खरंच घडलंय, किंवा हे खरंच असं करायचे. कधीकधी उलटंही, की हा भाग आम्ही घातलाय. एवढंच. पण माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमाचा जीव त्या पाटीत आहे.

कारण बघा, मुलांसाठी शैक्षणिक काहीतरी करायचं म्हटलं की आपण नेहमी काय करतो, कडू गोळी साखरेत घोळवतो. माहिती म्हणजे गोळी, विनोद म्हणजे साखर. एक विनोदी पात्र येतं, उड्या मारतं, पडतं, मुलं हसतात, मग ते पात्र थांबून सांगतं की मुलांनो, आता आपण शिकूया. आणि मुलं त्या क्षणी उठून जातात, कारण त्यांना बरोबर कळतं की साखर संपली. इथे तसं होतच नाही कारण इथे माहिती हाच विनोद आहे. रोमन लोक कपडे धुवायला माणसांची लघवी वापरायचे, आणि व्हेस्पासियन नावाच्या सम्राटाने त्या लघवीवर करसुद्धा बसवला, यात विनोद घालायची गरजच काय? तो तिथे आहेच. फक्त तो नीट मांडायचा आणि पाटी धरायची. पाटी वर आली की हसू दुप्पट होतं, मी कितीदा बघितलंय, भाची आधी स्केचवर हसते आणि पाटी आली की परत एकदा वेगळं हसते, ते दुसरं हसू आश्चर्याचं असतं.

त्यांचा एक सेगमेंट आहे, मूर्ख मरणांचा. काळा झगा घातलेला यमदूत (सायमन फार्नबी हा नट ते काम करतो, काय करतो!) बसलेला असतो, समोर मेलेल्यांची रांग, एकेकाने पुढे यायचं आणि आपण कसे मेलो ते सांगायचं, हा ऐकून खिदळतो. त्याच्या छोट्या गाण्यातच म्हटलेलं आहे की ही मरणं मजेशीर आहेत कारण ती खरी आहेत. बास, सगळं तत्त्वज्ञान एका ओळीत सांगून टाकलं. इतिहासात अशी मरणं पुरून उरतील इतकी आहेत, उदाहरणार्थ आर्थर ॲस्टन म्हणून एक सरदार होता, त्याला लाकडी पाय होता, 1649 मध्ये आयर्लंडमधल्या द्रोहेडाच्या वेढ्यात सैनिकांना वाटलं की त्या पायात सोन्याची नाणी लपवलीयत, म्हणून त्यांनी तोच पाय काढून त्यानेच त्याला मारलं असं सांगतात. हे मुलांना सांगायचं का? खूप पालक म्हणतील नको. मी म्हणते सांगा. मुलांना मरण माहीत असतं, त्याच्याबद्दल कुणी त्यांच्याशी बोलत नाही एवढंच असतं.

आता कलाकारांबद्दल, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण मला वाटतं यांना द्यावं तेवढं श्रेय कमीच आहे.

पहिल्या पाच सीझनमध्ये, म्हणजे 2013 पर्यंत, सहा जणांचा एक मुख्य संच होता. मॅथ्यू बेंटन, सायमन फार्नबी, मार्था हाउ-डग्लस, जिम हाउविक, लॉरेन्स रिकार्ड आणि बेन विल्बॉन्ड. बाकीही चांगले नट होतेच पण हे सहा म्हणजे पाठीचा कणा. एका भागात एकच माणूस पाच सहा वेगवेगळे लोक होतो, आत्ता राजा, मग हमाल, मग भिक्षू, विग बदलला, दाढी लावली, आवाज बदलला, की नवीन माणूस. आणि मुलांना हे ओळखण्यात प्रचंड मजा येते, "अगं हा तर मगाचचा यमदूत!" असं ओरडून सांगतात. मला स्वतःला जाणवलेली गोष्ट म्हणजे यातला एकही जण लहान मुलांसमोर काम करतोय असं काम करत नाही. ते चिवचिवाटी गोड बोलणं, डोळे मोठे करून मान हलवणं, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणणं, काही नाही. मोठ्यांच्या कार्यक्रमात करतील तसंच, तेवढ्याच वेगाने, तेवढ्याच बारकाव्याने. लिहिणारेसुद्धा मोठ्यांची कॉमेडी लिहिणारेच होते. मूल मागे पडलं तर पडलं, परत बघेल. आणि ते परत बघतंच! भाचीने एकच क्लिप सलग तीनदा बघितलीय, पहिल्यांदा अर्धी कळली, दुसऱ्यांदा पाऊण, तिसऱ्यांदा ती माझ्याआधी वाक्य म्हणत होती.

मुलांना वरून खाली बघून बोललं की त्यांना लगेच कळतं. समोरासमोर बसून बोललं की तेही कळतं.

लॉरेन्स रिकार्डचा बॉब हेल आठवतो का कुणाला? बातम्यांचं विडंबन असतं, स्टुडिओ, सूत्रसंचालिका, आणि मग इतिहासाच्या एखाद्या लांबलचक भानगडीचा आढावा घ्यायला हा बॉब हेल येतो, चष्मा, सूट, मागे मोठी पाटी, आणि सुरू होतो तो थांबतच नाही, हा राजा आला, तो मेला, त्याचा भाऊ आला, तो पळाला, आता शांतता, पण फार काळ नाही! ते "पण फार काळ नाही" त्याचं ठरलेलं. शेवटी शेवटी त्याचा आवाज चिरकायला लागतो, हात हवेत, आणि तुमच्या लक्षात येतं की अख्ख्या शतकाची घराणेशाही दोन तीन मिनिटांत डोक्यात बसली. वंशावळी पाठ करून ज्याला कंटाळा आलाय त्याने हे बघावं. भानगड भानगड म्हणूनच दाखवली की लक्षात राहते, तक्त्यात बसवली की विसरते.

दुसरी हुशारी म्हणजे टीव्हीचेच साचे उचलायचे. मुलांना टीव्ही पाठ असतो. स्वयंपाकाची स्पर्धा, बायकांची अदलाबदल, जाहिराती, हॉस्पिटलचे कार्यक्रम, सगळं त्यांना माहीत. मग जाहिरातवाला ओरडणारा माणूस (जिम हाउविक) येऊन जुन्या काळातली एखादी किळसवाणी वस्तू नवीकोरी ऑफर असल्यासारखी विकतो. किंवा आजच्या काळात कुणीतरी रस्त्यात कोसळतं आणि मदतीला रुग्णवाहिकेचे लोक धावत येतात ते जुन्या जमान्यातले, आणि त्यांच्या जमान्याचे उपचार सुरू करतात. साचा ओळखीचा, आतला माल चारशे वर्षांपूर्वीचा. त्यामुळे काही समजावून सांगावं लागत नाही, स्केच पहिल्या सेकंदापासून पळायला लागतं.

आणि गाणी. रिची वेबचं संगीत. यातलं माझं सगळ्यात आवडतं दुसऱ्या चार्ल्सचं रॅप, मॅथ्यू बेंटन लांब काळ्या कुरळ्या विगमध्ये, बारीक मिशी, एमिनेमच्या ढंगात स्वतःची ओळख करून देतो. आता हा राजा 1660 मध्ये गादीवर आला, त्याच्या आधी क्रॉमवेल आणि कडक धर्मनिष्ठ लोकांचं राज्य होतं, नाटकगृहं बंद, ख्रिसमस साजरा करायला बंदी. मग हा आला आणि सगळं परत सुरू, नाटकं, पार्ट्या, नाचगाणी. म्हणजे रॅपमधला तो मी कोण आहे, मी किती भारी, माझ्यासारखा मीच, हा जो तोरा असतो तो या राजाला तंतोतंत बसतो! उगीच चालू फॅशन म्हणून रॅप चिकटवलेलं नाही, या माणसाने खरंच रॅपच केलं असतं. कुठल्या राजाला कुठलं संगीत हे ठरवताना त्यांनी जो विचार केलाय तो बघून मला हात जोडावेसे वाटतात. डिक टर्पिन हा दरोडेखोर, ज्याच्याबद्दल इंग्लंडमध्ये घोड्यावरचा देखणा वीर अशा दंतकथा आहेत, त्याचं गाणं ऐंशीच्या दशकातल्या ॲडम अँड द अँट्स या बँडच्या झगमगाटी थाटात केलंय आणि आतून तो साधा क्रूर चोर कसा होता ते सांगितलंय, शेवटी 1739 मध्ये यॉर्कला फाशी गेला तो घोडेचोरीसाठी. विल्यमपासून दुसऱ्या एलिझाबेथपर्यंत सगळे राजे राण्या ओळीने सांगणारं एक गाणंही आहे, ते पाठ असलेली ब्रिटिश मुलं आता मोठी झाली असतील आणि त्यांच्या डोक्यातून ते जाणार नाही हे मी खात्रीने सांगते, माझ्यातून गेलेलं नाही आणि मी तर तिकडची नाहीच.

तिसऱ्या रिचर्डचं, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातल्या त्या कुबड्या, दुष्ट राजाचं गाणं मात्र वेगळं. जिम हाउविक हळुवार सुरात गातो की मी तसा नव्हतो, माझ्यानंतर गादीवर आलेल्या ट्यूडर घराण्याने माझी बदनामी केली. भाचीने विचारलं मग खरं काय, तर मी तिला 2012 ची गोष्ट सांगितली, लेस्टर शहरात एका कार पार्कच्या खाली त्याचा सांगाडा सापडला. कणा खरंच वाकडा निघाला, पण नाटकात त्याचा हात वाळलेला दाखवतात तसा काही पुरावा हाडांवर नाही. म्हणजे बदनामी करणारे अर्धे खरे, अर्धे खोटे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जो जिंकतो तो पाटी धरतो." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

बक्षिसांचं सांगायचं तर 2010 साठीचा ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड यांना मिळाला, सर्वोत्तम स्केच शो म्हणून. मुलांच्या गटात नाही हां, मोठ्यांच्या कार्यक्रमांशी टक्कर देऊन, आणि लहान मुलांच्या कार्यक्रमाला तो पहिल्यांदाच मिळत होता. पुढच्या वर्षी परत मिळाला. 2011 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स या बीबीसीच्या शास्त्रीय संगीत महोत्सवात यांची गाणी झाली. त्याच वर्षी बीबीसी वनवर स्टीफन फ्रायला घेऊन निवडक स्केचेस मोठ्यांसाठी परत दाखवली. मोठे लोक आधीपासून बघतच होते, पोरांच्या मागे सोफ्यावर बसून.

आता एक खटकणारी गोष्ट, ती लिहिलीच पाहिजे कारण मला या कार्यक्रमाबद्दल मनापासून प्रेम आहे. जो पाटी धरतो त्याची जबाबदारी वाढते. मेरी सीकोल या जमैकन बाईंबद्दल एक स्केच होतं, क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला त्यांना जायचं होतं, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्यांना त्यांच्या रंगावरून, ब्रिटिश नाही म्हणून नाकारते असं दाखवलं. त्यावर तक्रार झाली आणि 2014 मध्ये बीबीसीवर तेव्हा देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने ती मान्य केली, की हे वस्तुस्थितीला धरून नाही. सीकोलबाईंना नकार मिळाला होता तो लंडनमध्ये, नाइटिंगेल तेव्हा तिथे नव्हतीच, आणि नंतर तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात दोघींची भेट झाली त्याबद्दल सीकोलबाईंनी स्वतःच्या आत्मचरित्रात चांगलंच लिहिलंय. पण नकारामागे वर्णभेद होता का असा संशय त्यांनी त्याच पुस्तकात व्यक्त केलाय, तोही तितकाच खरा. म्हणजे स्केचला जे म्हणायचं होतं त्यात तथ्य होतं, पण ते चुकीच्या माणसाच्या तोंडी घातलं. मला याचं वाईट वाटलं. दोन मिनिटांच्या स्केचमध्ये एक खलनायक लागतो आणि मग जो प्रसिद्ध चेहरा हाताशी असेल तो घेतला जातो, हा या प्रकारातला खरा धोका आहे.

पण याच लोकांनी राणी व्हिक्टोरियाचं ते गाणंही केलं, ब्रिटिश वस्तूंचं. राणी अभिमानाने म्हणते की माझा अस्सल ब्रिटिश चहा आणा, आणि नोकर नम्रपणे सांगतो की राणीसाहेब, चहा भारतातला. बरं मग साखर? ती कॅरिबियनमधली, गुलामांच्या घामाची. कापूस? तोही तसाच. राणीचा चेहरा उतरत जातो. ज्यांच्या देशातून तो चहा गेला त्यांच्यापैकी एक म्हणून मी ते बघते तेव्हा घशात काहीतरी येतं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या चॅनेलने, शाळेतून घरी आलेल्या आठ दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलांना, हसतखेळत, हे सांगितलं. भाषण नाही, अपराधीपणा नाही, फक्त कपबशी समोर ठेवली आणि कुठून आली ते सांगितलं.

आणि जिथे हसायचं नाही तिथे ते थांबतातसुद्धा. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांचं गाणं आहे, चार पोरं लेदर जॅकेट घालून बॉय बँडसारखी गातात, केस वाऱ्यावर, सगळं एकदम देखणं. पहिल्यांदा बघताना हसू येतं. मग शब्दांकडे लक्ष गेलं की कळतं ही विशीतली मुलं होती, शत्रूपेक्षा संख्येने कमी, आणि यातली किती परत आली नाहीत. बॉय बँड का निवडला ते तेव्हा कळतं. ती त्या वयाचीच होती.

ते सहा जण पुढे एकत्रच राहिले, 2015 ला शेक्सपिअरवर बिल नावाचा सिनेमा केला, आणि 2019 ते 2023 घोस्ट्स ही मालिका, ती बऱ्याच जणांनी बघितली असेल. हॉरिबल हिस्टरीज नव्या नटांबरोबर पुढेही चालू राहिलं, चांगलं आहे, पण माझं मन त्या पहिल्या पाच सीझनमध्येच आहे.

भाचीने आता स्वतःची पाटी केलीय. खोक्याचा पुठ्ठा, त्याला आइस्क्रीमची काडी, एका बाजूला "हे खरंय" आणि दुसऱ्या बाजूला "हे वाढवलंय". परवा रात्री जेवताना आजोबा त्यांच्या शाळेतली गोष्ट सांगत होते, मास्तरांच्या टेबलाच्या खणात बेडूक ठेवल्याची, आणि बेडूक उडी मारून नेमका मास्तरांच्या टोपीत बसला त्याची. सगळे हसलो. ती हसली नाही, पाटी मांडीवर ठेवून आजीकडे बघत राहिली. आजीने घास संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बेडूक होता. टोपी नव्हती."

तिने पाटी उचलली, एक बाजू दाखवली, मग उलटी करून दुसरी दाखवली.